नॉर्मल की सीझर? एका रोमन आडनावाची लांबलचक गोष्ट

बाळ झाल्याची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न "काय झालं?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "नॉर्मल की सीझर?" मामेबहिणीच्या बाळंतपणात मी एका तालुक्याच्या गावी प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात थर्मास सांभाळत बसलो होतो. तिथे यावरून एक छोटी चकमक झडली. तिथल्या मावशींचं म्हणणं, "सिझर म्हंजे कात्री. कात्रीनं कापत्यात म्हणून सीझर." माझा अकरावीतला भाचा म्हणाला, "नाही हो मावशी, ज्युलियस सीझर असा जन्मला होता, म्हणून सीझर." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा असला की लोक पंच नेमतात.

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं होतं की चुकलं दोघांचंही, पण मावशींचं कमी चुकलं. ते का, हे सांगायचं तर आधी सीझर हा माणूस बाजूला ठेवून सीझर हे आडनाव समजून घ्यावं लागतं. हो, आडनाव. आपण 'ज्युलियस सीझर' म्हणतो तेव्हा 'विजय पाटील' म्हटल्यासारखं नाव आणि आडनाव घेतोय असं वाटतं. प्रत्यक्षात त्या दोन शब्दांत त्याचं स्वतःचं नाव कुठेच नाही.

त्याचं पूर्ण नाव गायस ज्युलियस सीझर. रोमन पुरुषाच्या नावाचे साधारण तीन तुकडे असत. पहिलं व्यक्तिनाव, म्हणजे गायस. या नावांची रोममध्ये भलतीच टंचाई होती. नेहमीच्या वापरात जेमतेम दीड डझन नावं. गायस, मार्कस, ल्युसियस, पब्लियस, टायटस अशी तीच ती फिरत राहायची, त्यामुळे लिहिताना ती पूर्ण लिहायचीही तसदी कुणी घेत नसे; एखाद-दोन अक्षरांत काम भागे. दुसरा तुकडा कुळाचं नाव, ज्युलियस. तिसरा तुकडा त्या कुळातली शाखा दाखवणारा, सीझर. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर एक कूळ आणि त्यातलं एक घराणं. आपल्या तीन तुकड्यांत मधली जागा वडिलांची असते, तिथे ती कुळाची. वडिलांचं नाव वेगळं सांगायची फारशी गरजही नव्हती म्हणा. या सीझरच्या वडिलांचं नाव गायस ज्युलियस सीझर होतं आणि आजोबांचंही तेच.

मुलींची अवस्था आणखी वाईट. त्यांना बहुधा स्वतःचं नाव म्हणून काही मिळतच नसे, कुळाच्या नावाचं स्त्रीलिंगी रूप तेवढं मिळे. सीझरची आत्या ज्युलिया, दोन्ही बहिणी ज्युलिया, मुलगी ज्युलिया. घरात दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी. एक मात्र होतं, लग्न झालं म्हणून ते नाव बदलत नसे. बाई सासरी गेली तरी माहेरच्या कुळाचीच ज्युलिया राहायची.

तिसरा तुकडा सर्वांत मजेशीर. शाखांची ही नावं मुळात पडलेली टोपणनावं होती आणि रोमन लोक नावं ठेवण्यात आपल्या गावच्या पारावरच्या मंडळींना हार जाणारे नव्हते. कवी ओव्हिड याचं तिसरं नाव 'नासो', म्हणजे नाकाडा. 'काल्वुस' म्हणजे टकला, 'क्रासुस' म्हणजे जाड्या, 'स्ट्राबो' म्हणजे तिरळा, 'ब्रूटस' म्हणजे मठ्ठ. थोर वक्ता सिसेरो याचं नाव हरभऱ्यावरून आलेलं. त्याच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती, असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो. मराठीत टकले, बोबडे, काळे, नाकाडे ही आडनावं लावणाऱ्यांना यात नवल वाटू नये. एखाद्या पणजोबाची कुणीतरी केलेली थट्टा पुढच्या दहा पिढ्या सही करताना लिहितात.

मग सीझर म्हणजे काय? हे टोपणनाव कशावरून पडलं?

गंमत अशी की खुद्द रोमन लोकांनाच ते नक्की सांगता येत नव्हतं. इ. स. पू. २०८ मध्ये सेक्स्टस ज्युलियस सीझर नावाचा एक अधिकारी नोंदीत सापडतो, म्हणजे प्रसिद्ध सीझरच्या जन्माआधी शंभर वर्षं तरी हे आडनाव चालत होतं. मूळ कारण तेव्हाच विस्मरणात गेलेलं. पुढे चार कथा तयार झाल्या आणि उत्तरकाळातल्या सम्राटचरित्रांच्या एका संग्रहात त्या चारही एका दमात दिल्या आहेत. एक, कुणा पूर्वजाने लढाईत हत्ती मारला आणि उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांच्या भाषेत हत्तीला 'काएसाई' म्हणत. दोन, पूर्वज आईचं पोट कापून काढलेला. लॅटिनमध्ये 'काएसुस' म्हणजे कापलेला. तीन, तो भरघोस केस घेऊन जन्मला. 'काएसारिएस' म्हणजे दाट केस. चार, त्याचे डोळे निळसर-घारे होते. तसल्या डोळ्यांना 'काएसियस' म्हणत.

यातली हत्तीची कथा ऐकायला सर्वांत थापेबाज, पण तिचाच पुरावा हातात धरता येतो. इ. स. पू. ४९ मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा सीझरने फौजेचे पगार भागवायला चांदीचं एक नाणं पाडलं, चार ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचं. त्यावर एक हत्ती उजवीकडे चाललाय, पुढचा पाय उचललेला, पायाखाली काहीतरी वळवळणारं. कुणी म्हणतं साप, कुणी म्हणतं गॉल लोकांचं, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या टोळ्यांचं, रणशिंग. आणि हत्तीच्या खाली, पायाखालच्या जमिनीच्या रेघेला टेकून, एकच शब्द: सीझर. दुसऱ्या बाजूला पुरोहिताची उपकरणं आहेत, पळीसारखं भांडं, शिंपडणं, कुऱ्हाड, टोपी. कारण तो रोमचा मुख्य धर्माधिकारीही होता. ज्याला वाचता येत नाही त्या शिपायालाही हत्ती बघून पगार कुणी दिला ते कळावं, अशी ही सोय. निवडणूक चिन्हाची कल्पना आपल्याला नवी वाटायला नको. यावरून आडनाव हत्तीवरून पडलं हे सिद्ध होत नाही. सीझरला ती कथा ठाऊक असावी आणि आवडत असावी, इतकंच.

मला विचाराल तर केसांचा पक्ष त्यातल्या त्यात बरा वाटतो, कारण तो बाकीच्या रोमन टोपणनावांच्या जातीत शोभतो. नाकाडा, टकला, तिरळा, तसा केसाळ. आणि त्यात दैवाची थट्टाही आहे. ज्या माणसाने हे आडनाव जगभर नेलं तो स्वतः टकलाकडे झुकलेला होता. मागचे केस पुढे ओढून विंचरायचा, आणि मिळालेल्या मानमरातबांपैकी सदासर्वकाळ विजयमाला डोक्यावर घालायची परवानगी त्याला सर्वांत आवडली, असं सुएटोनियस हा चरित्रकार लिहितो.

केसांवरून आठवलं. आपल्या 'केसर' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ आयाळ, त्यावरूनच 'केसरी' म्हणजे सिंह. एकोणिसाव्या शतकातल्या कोशकारांनी हा 'केसर' आणि लॅटिन 'काएसारिएस' शेजारी ठेवून दोघे भाऊ असावेत असं सुचवलं होतं. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते नातं पक्कं मानत नाहीत. तेव्हा 'केसरी' आणि 'सीझर' एकाच घरचे, असं व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलं तर पुढे ढकलू नका.

आता व्हरांड्यातल्या भांडणाकडे येऊ.

भाच्याचं म्हणणं टिकत नाही, त्याचं कारण सीझरची आई. तिचं नाव ऑरेलिया. पोरगा गॉलमध्ये लढाया मारत होता तेव्हाही ती हयात होती. ती वारली इ. स. पू. ५४ मध्ये, म्हणजे सीझर पंचेचाळिशीचा असताना. त्या काळी पोट कापून मूल काढलं जाई ते आई मेल्यावर किंवा मरणाच्या दारात असताना. गरोदर बाई मेली तर गर्भ काढल्याशिवाय तिला पुरू नये, असा एक फार जुना राजनियम रोमन कायद्याच्या संहितेत नोंदलेला आहे. भूल नाही, टाके नाहीत, जंतूंची कल्पना नाही. अशा शस्त्रक्रियेतून बाई उठून चाळीसेक वर्षं जगली हे जवळपास अशक्य. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इ. स. पहिल्या शतकात 'काएसुस'ची कथा लिहिली, तीसुद्धा 'सीझरांपैकी पहिला' अशी, म्हणजे कुणा पूर्वजाबद्दल. वाचणाऱ्यांनी सोयीने ती सर्वांत प्रसिद्ध सीझरला चिकटवली. पुढे १५८१ मध्ये फ्रांस्वा रूसे या फ्रेंच वैद्याने जिवंत बाईवर ही शस्त्रक्रिया करता येते असं मांडणारं पुस्तक लिहिलं आणि मथळ्यात 'सीझरी बाळंतपण' असा शब्द वापरला. तिथून तो वैद्यकात रुजला. जर्मन लोक तर सरळ 'कैसरकाप' अशा अर्थाचा शब्द वापरतात. मराठीने 'सिझेरियन सेक्शन'चं शेपूट छाटून 'सीझर' ठेवलं. छाटलेलंच योग्य म्हणायचं.

आणि मावशींची कात्री? इंग्रजी 'सिझर्स' हा शब्द फ्रेंचमार्गे ज्या लॅटिन शब्दावरून आला तो 'काएदेरे' या धातूपासून बनलेला आहे. 'काएदेरे' म्हणजे कापणे, आणि 'काएसुस' हे त्याचंच भूतकाळी रूप. म्हणजे शस्त्रक्रियेच्या नावामागे कापण्याची ती प्लिनीची कथा असेल तर कात्री आणि सीझर एका धातूची लेकरं ठरतात. या धातूचा गोतावळा आपल्या घरात बराच आहे. 'पेस्टिसाइड'मधला 'साइड' तोच, मारणारा. आणि ज्याच्या गोण्यांवर आपली सगळी शहरं उभी आहेत ते 'सिमेंट'सुद्धा 'काएमेंटुम' म्हणजे फोडलेल्या दगडाच्या कपच्या, यावरून आलेलं. मावशींना हे सांगायला हवं होतं.

आता खरी गोष्ट. हे आडनाव घराण्यातून सुटलं कसं?

आपल्याकडे काय झालं ते बघा. पाटील हा हुद्दा. कुलकर्णी हुद्दा, देशमुख हुद्दा, चिटणीस, पोतनीस हुद्दे. काम गेलं, वतनं गेली, हुद्द्याचं आडनाव उरलं. आज पाटील आडनावाचा माणूस बँकेत असतो आणि कुलकर्णी सॉफ्टवेअरमध्ये. रोममध्ये नेमकं उलटं घडलं. तिथे एका आडनावाचा हुद्दा झाला. आणि तो झाला दत्तकपत्राने.

इ. स. पू. ४४, १५ मार्च. सीझरचा खून झाला. मृत्युपत्र उघडलं तर त्यात बहिणीच्या नातवाला मुलगा म्हणून दत्तक घेतलेलं. पोराचं नाव गायस ऑक्टेव्हियस, वय अठरा, तेव्हा समुद्रापलीकडे आजच्या अल्बानियात शिकत होता. आईने आणि सावत्र बापाने सांगितलं, या भानगडीत पडू नकोस. त्याने ऐकलं नाही; रोमला येऊन नाव स्वीकारलं, गायस ज्युलियस सीझर. रीतीप्रमाणे दत्तक गेलेल्याने जुन्या कुळाची खूण म्हणून मागे 'ऑक्टेव्हियानुस' जोडायला हवं होतं. इतिहासकार सोयीसाठी त्याला ऑक्टेव्हियन म्हणतात, पण तो स्वतः ते जोडत नसे. का जोडेल? सीझरचे जुने शिपाई गावोगाव जमिनीच्या तुकड्यावर बसलेले होते, आणि ते ऑक्टेव्हियसच्या नव्हे, सीझरच्या हाकेला ओ देणार होते. प्रतिस्पर्धी मार्क अँटनीने पत्रात त्याला टोमणा मारला होता: 'पोरा, तुझं सगळं काही त्या नावाच्या जिवावर आहे.' टोमणा अगदी खरा होता. पण तो मारून फायदा झाला नाही. त्याच नावाने पुढे अँटनीला हरवलं.

एक अडचण होती. इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिचा मुलगा. ती त्याला सीझरचा पुत्र म्हणवत होती आणि लोक त्याला 'सीझरिओन' म्हणजे छोटा सीझर म्हणत. दत्तक विरुद्ध रक्ताचा. आपल्याकडच्या संस्थानांच्या इतिहासात असली प्रकरणं वाचताना पानं अपुरी पडतात. इजिप्त जिंकल्यावर काय करावं असा प्रश्न पडला, तेव्हा पदरी असलेला एरियस हा तत्त्वज्ञ म्हणाला, 'सीझर फार झाले तर बरं नव्हे.' इ. स. पू. ३० मध्ये सतरा वर्षांचा सीझरिओन मारला गेला. तत्त्वज्ञ बाळगायचे ते यासाठी.

या सगळ्या काळात त्या दत्तक तरुणाने नावात जी कारागिरी केली तिकडे नीट पाहण्यासारखं आहे. 'गायस' काढून टाकलं, त्या जागी 'इंपेराटॉर', म्हणजे विजयी सेनापतीला मिळणारी पदवी, नाव म्हणून लावली. 'ज्युलियस' हे कुळाचं नाव वापरणंच सोडलं. ते हजारो लोकांचं होतं, कारण ज्या गुलामाला मालक मुक्त करी किंवा ज्या परक्याला नागरिकत्व मिळवून देई तो त्या मालकाचं कुळनाव लावे. सगळ्या साम्राज्यात ज्युलियस पसरलेले. 'सीझर' मात्र एकट्याचा. इ. स. पू. २७ मध्ये सिनेटने, म्हणजे रोमच्या ज्येष्ठांच्या सभेने, 'ऑगस्टस' ही उपाधी दिली आणि नाव झालं इंपेराटॉर सीझर ऑगस्टस. या तीन शब्दांपैकी पहिल्यापासून 'एम्परर' झाला, दुसऱ्यापासून कैसर आणि झार, तिसऱ्यापासून आपला ऑगस्ट महिना.

त्याच्यापुढे टायबेरियस आला तो दत्तक म्हणून, कॅलिगुला टायबेरियसच्या दत्तकाचा मुलगा. इथवर निदान कागदोपत्री वारसा होता. इ. स. ४१ मध्ये कॅलिगुलाचा खून झाल्यावर त्याचा काका क्लॉडियस गादीवर बसला. हा सीझर घराण्यात जन्मलेला नव्हता, दत्तकही गेलेला नव्हता. तरी त्याने 'सीझर' लावलं आणि कुणी हरकत घेतली नाही. माझ्या मते आडनावाचा हुद्दा झाला तो त्या दिवशी. ६८ मध्ये नीरोने जीव दिला, घराणं संपलं, आणि त्याच्यामागून आलेल्या गाल्बाने नातं नसतानाही तेच नाव उचललं. विटेलियस नावाच्या पुढच्या एका सम्राटाने आधी ते लावायला नकार दिला. संकट गळ्याशी आल्यावर मात्र तोही सीझर म्हणवून घ्यायला तयार झाला. काही उपयोग झाला नाही.

पुढे हुद्द्याचीही घसरण झाली. हेड्रियनने १३६ मध्ये वारस नेमला त्याला 'सीझर' केलं, आणि तिथून थोरला तो ऑगस्टस, युवराज तो सीझर अशी रीत पडली. २९३ मध्ये डायोक्लेशियनने साम्राज्याचा कारभार चौघांत वाटला, दोन ऑगस्टस आणि दोन सीझर. एरियसचा सल्ला एव्हाना सगळे विसरले होते.

इथे एक प्रश्न वाचकाच्या मनात केव्हाचा असेल. कैसर, झार, सीझर, फ्रेंच सेझार, इटालियन चेझारे. एकाच नावाचे इतके आवाज कसे?

मूळ लॅटिन उच्चार 'काइसर'च्या जवळचा होता. त्या काळच्या लॅटिनमध्ये 'क' हा सगळीकडे 'क'च होता. ज्यांनी शब्द लवकर उचलला त्यांच्याकडे तो 'क' टिकला: ग्रीकांचा 'कैसर', जर्मनांचा 'कैसर'. नंतरच्या काळात लॅटिनमध्ये 'ए', 'ई' या स्वरांच्या आधीचा 'क' घसरला, कुठे 'च' झाला, कुठे 'स'. कारण तोंडातलं आहे. 'ई' म्हणताना जीभ पुढे, टाळूकडे सरकते आणि शेजारच्या व्यंजनालाही ओढून नेते. मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागू नये, कारण आपण दिवसभर तेच करतो. 'माझा' म्हणा, मग 'माझी' म्हणा. 'झ' लिहिताना एकच, पण पहिला दातांजवळचा, दुसरा टाळूवरचा. 'चांगला' आणि 'चिंच' यांतही तसंच. स्लाव्ह लोकांनी, म्हणजे रशियन, बल्गेरियन वगैरेंच्या पूर्वजांनी, बहुधा गॉथ या जर्मनवंशी टोळ्यांकडून 'कैसर' घेतला, त्यांच्या तोंडी पुढच्या स्वरामुळे 'क'चा 'त्स' झाला, 'त्सेसार' आणि मग आखडून 'त्सार'. मराठीने तो 'झार' असा घेतला आणि त्याला लगेच 'शाही' जोडून टाकली.

म्हणजे आपल्या भाषेत हे आडनाव तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेलं आहे. इंग्रजी वाटेने सीझर, रशियन वाटेने झार, आणि कैसर. हा तिसरा दोन दारांनी आला. एक दार चर्चचं. मराठी बायबलमध्ये येशू 'कैसराचे ते कैसराला' असं सांगतो तो कैसर म्हणजे रोमन सम्राटच. दुसरं दार फारसी-उर्दूचं, आणि त्यातून तो वाजतगाजत आला.

खरं तर भारताच्या वेशीवर तो त्याआधी दीड हजार वर्षं येऊन गेला होता. आजच्या पाकिस्तानात अटकजवळ आरा इथे कनिष्क नावाच्या कुषाण राजाचा खरोष्ठी लिपीतला लेख सापडला. त्यात महाराज, राजाधिराज, देवपुत्र या पदव्यांच्या रांगेत चौथी पदवी 'कैसर' अशी वाचली जाते. एक भारतीय, एक इराणी, एक चिनी धाटणीची आणि एक रोमन. चारही दिशांचा राजा मीच, असं सांगायची ही पद्धत. अटकेपार झेंडे लावणाऱ्यांना अर्थात याची कल्पना नव्हती.

मग १८७६. व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी करायचा कायदा लंडनमध्ये झाला, पण देशी भाषांत तिला म्हणायचं काय यावर खल सुरू झाला. लाहोरच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य आणि भाषापंडित लाइटनर यांनी तोडगा सुचवला: 'कैसर-ए-हिंद'. शब्द अरबी-फारसीमुळे इथे ओळखीचा, रोमन वैभवाचा वास असलेला, आणि कुठल्याही जुन्या देशी गादीशी न जोडलेला. शब्द पुल्लिंगी होता, तरी राणीला लावला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात त्याची द्वाही फिरली. त्याच दरबाराला पुणे सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताच्या खादीत हजर होते. रेशीम, जरतार, हिरे आणि हत्तींच्या त्या गर्दीत ते पांढरं जाडंभरडं कापड काय दिसलं असेल!

मुंबईत १८८२ साली 'कैसर-ए-हिंद' नावाचं गुजराती साप्ताहिक निघालं. बॅलार्ड इस्टेटमध्ये त्या नावाची इमारत आजही आहे. ईशान्येकडच्या एका हिरव्यागार दुर्मीळ फुलपाखरालाही ते नाव चिकटलं. १९०० मध्ये सरकारने त्या नावाचं पदक काढलं. पंडिता रमाबाईंना ते १९१९ मध्ये मिळालं. गांधीजींना १९१५ मध्ये सोन्याचं मिळालं होतं, ते त्यांनी १९२० मध्ये असहकाराच्या वेळी परत केलं.

आणि यानंतर पहिल्या महायुद्धाचा पट मांडून बघा. जर्मनीचा कैसर विल्हेल्म. ऑस्ट्रियाचा कैसर फ्रांत्स योझेफ. समोर रशियाचा झार निकोलस. रशियात ही पदवी १५४७ मध्ये इव्हान द टेरिबलने राज्याभिषेकात घेतली तेव्हापासूनची. १९१५ मध्ये बल्गेरियाचा झार फर्डिनंड उतरला, तो जर्मनांकडून. तुर्की सुलतानाच्या पूर्वजाने, मेहमद दुसऱ्याने, १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर 'कैसर-ए-रूम' ही पदवी घेतलेली. आणि इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आपल्यापुरता कैसर-ए-हिंद. १९१५-१६ मध्ये इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणींचे जवान उपासमारीने खंगत होते ते एका कैसरच्या नोकरीत, दुसऱ्या कैसरच्या वारसाने घातलेल्या वेढ्यात. एका रोमन माणसाच्या केसांवरून, डोळ्यांवरून की हत्तीवरून पडलेलं टोपणनाव, आणि त्याचे हे सगळे मालक एकमेकांच्या उरावर.

मधल्यामध्ये ज्युलियस या कुळनावाचं काय झालं? ते महिन्याला मिळालं. सीझरने पंचांग सुधारलं, इ. स. पू. ४५ पासून नवी कालगणना सुरू केली. गाडी रुळावर आणायला आधीचं वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. पुढच्या वर्षी 'क्विंटिलिस', म्हणजे पाचवा, या त्याच्या जन्ममहिन्याला त्याचं नाव देण्यात आलं. तोच आपला जुलै. म्हणून आता पाचवा म्हणवणारा महिना सातवा असण्याचा घोटाळा तरी मिटला. पण सप्टेंबर म्हणजे सातवा, ऑक्टोबर म्हणजे आठवा हा अजून चालूच आहे. याच कुळनावाची ज्युलियन, ज्युली, ज्युलिएट, ज्युलिओ ही पिलावळ जगभर आहे. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो हे त्यातलं आपल्याकडचं ठळक नाव.

किरकोळ वापर बरेच आहेत. तुर्कस्तानातलं कायसेरी म्हणजे सीझरपूर, स्पेनचं सारागोसा म्हणजे 'काएसारऑगस्टा' रगडून गुळगुळीत झालेलं. हॉटेलच्या मेन्यूतलं 'सीझर सॅलड' रोमचं नाही, मेक्सिकोतल्या तिहुआना गावात सीझर कार्डिनी या इटालियन हॉटेलवाल्याने १९२० च्या दशकात बनवलेलं. सीझियम नावाची धातू १८६० मध्ये सापडली, तिच्या वर्णपटात निळ्या रेघा दिसल्या म्हणून 'काएसियस'वरून नाव ठेवलं. चौथी कथा खरी असेल तर तीही या घराण्याची चुलत बहीण; आणि १९६७ पासून जगाचा एक सेकंद तिच्याच अणूवर मोजला जातो.

संगणकवाल्यांना 'सीझर सायफर' ठाऊक असतो. सीझर गुप्त पत्रं लिहिताना प्रत्येक अक्षराच्या जागी तीन घरं पुढचं अक्षर लिहायचा. मराठीत करून बघा. 'कमल' लिहायचंय. क नंतर ख, ग, घ, म्हणून 'घ'. म नंतर य, र, ल, म्हणून 'ल'. ल नंतर व, श, ष, म्हणून 'ष'. पत्रात लिहायचं 'घलष'. आज पाचवीतलं पोर हे फोडेल, पण त्या काळी शत्रूला मुळात लॅटिन वाचता यायची मारामार होती.

गाद्यांचं म्हणाल तर १९१७ आणि १९१८ या दोन वर्षांत रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या पाट्या उतरल्या. कैसर-ए-हिंद १९४७ नंतर गेला. शेवटपर्यंत टिकला तो बल्गेरियाचा झार. सिमेऑन दुसरा १९४३ मध्ये सहा वर्षांचा असताना गादीवर आला. १९४६ मध्ये जनमत घेऊन राजेशाही रद्द झाली आणि नऊ वर्षांचा झार आईसोबत देशाबाहेर पडला. पन्नासेक वर्षांनी तो परतला, पक्ष काढला, निवडणूक जिंकली आणि २००१ ते २००५ बल्गेरियाचा पंतप्रधान झाला. प्रजासत्ताकाच्या पंतप्रधानाला नावात 'झार' लावता येत नाही. आडनाव लागतं. त्याने आपल्या जर्मन घराण्याचं नाव बल्गेरियन वळणावर नेऊन लावलं: सिमेऑन सॅक्सकोबुर्गगोत्स्की.